वस्तऱ्याची पथरी : तिची निवड व ओळख

१

जुन्या घराण्यांतील दप्तरें पाहावयास गेलें असतां रुमालांबरोबर पुष्कळदां एखादें लांकडी खोकें पुढें येतें. त्यांत मोडकें कलमदान, शाई टिपण्याच्या वाळूची डबी, एखादा शिक्का, बोरू तासण्याचा चाकू, क्वचित् एखादा वस्तरा आणि तळाशीं एकदोन गुळगुळीत दगड असतात. कागदांवर आपली नजर तत्काळ जाते. शिक्क्यावर ती थोडा वेळ ठरते. दगडांकडे मात्र बहुधा कोणी पाहत नाहीं. प्रस्तुत लेखकाची रीतही बरेच दिवस हीच होती.

पनवेल येथें एका संग्राहक स्नेह्यांकडे घडलेला प्रसंग या लेखास कारण झाला. त्यांच्या घरीं चार पिढ्यांपूर्वींचा एक विलायती वस्तरा होता. पात्याच्या शेपटीवर मुकुटाची खूण व तिच्या दोन्ही बाजूंस एकेक अक्षर होतें, परंतु गंजामुळें तीं अक्षरें लागत नव्हतीं. खूण स्पष्ट व्हावी व पातेंही चालतें व्हावें, अशा सद्भावनेनें त्यांनीं तो वस्तरा फिरत्या चाकावर धार लावणाऱ्या एका कारागिराच्या हवालीं केला. परत आला तो चकचकीत होऊन आला. पण अक्षरें घासून नाहींशीं झालीं होतीं, पाठ एका अंगानें झिजली होती, आणि धारेजवळ निळी झांक चढली होती.

हानि किती झाली तें पाहा. शेफील्डच्या चाकू-वस्तऱ्यांवर मुकुटाशेजारीं राज्यकर्त्याच्या नांवाचीं आद्याक्षरें घालण्याची चाल होती. ‘डब्ल्यू. आर.’ असल्यास चवथ्या विल्यमची कारकीर्द, म्हणजे १८३० ते १८३७, ‘व्ही. आर.’ असल्यास व्हिक्टोरिया राणीची, म्हणजे १८३७ ते १९०१. खोक्यांतील कांहीं पत्रांवर साल नव्हतें. तीं दोन अक्षरें वाचतां आलीं असतीं तर त्या खोक्याच्या काळाविषयीं एक तरी आधार हातीं आला असता. याहून मौजेची गोष्ट अशी कीं, त्याच खोक्याच्या तळाशीं बोटभर लांबीचा, राखी-हिरवट रंगाचा एक दगड पडून होता. तो त्या वस्तऱ्याचाच दगड होता, पण कोणास ठाऊक नव्हतें.

वस्तऱ्यास कोणता दगड लागतो, तो कसा निवडावा, आणि जुन्या सामानांत सांपडल्यास तो ओळखावा कसा, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

२

प्रथम शब्दांचा विचार करूं. ‘वस्तरा’ हा शब्द फार्शी ‘उस्तुरा’ यावरून आलेला आहे. संस्कृतांत त्यास ‘क्षुर’ म्हणतात. धार लावण्याच्या दगडास मराठींत ‘निसणा’ म्हणतात, आणि संस्कृत ‘निशान’, म्हणजे धार लावणें, या शब्दाशीं त्याचा संबंध उघड दिसतो. न्हाव्याच्या धोकटींतील लहान चपट्या दगडास ‘पथरी’ म्हणतात. फिरतें चाक तें ‘साण’ अथवा ‘शाण’. तें शिकलगाराचें साधन, न्हाव्याचें नव्हे. ‘सहाण’ ही मुख्यतः गंध व औषध उगाळण्याची. दगडावरून काढलेली धार शेवटीं ज्या चामड्याच्या पट्ट्यावर फिरवितात ती ‘चामोटी’.

ही विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत, आठव्या अध्यायांत, शस्त्रांचें वर्णन करतांना धार लावण्यास गुळगुळीत व उडदाच्या रंगाची शिला घ्यावी आणि धार स्थिर करण्यास सांवरीच्या लांकडाची फळी घ्यावी असें सांगितलें आहे. शस्त्रास पाणी देण्याचे क्षार, उदक व तैल असे तीन प्रकारही तेथेंच दिले आहेत. कोणत्या शस्त्राची धार किती बारीक असावी हें मसुरेच्या दाण्यापासून अर्ध्या केसापर्यंतच्या मापानें सांगितलें असून, उत्तम धारेची परीक्षा केस तुटण्यावर ठेविली आहे. म्हणजे दगड, त्यानंतर मऊ फळी, आणि शेवटीं केसाची कसोटी हा क्रम आजच्या क्रमाहून वेगळा नाहीं. रोमन ग्रंथकार प्लिनी यानेंही निसण्यांचे वर्ग पाडले आहेत: कांहींस तेल लागतें, कांहींस पाणी, आणि न्हाव्यांच्या दुकानांतील कांहींस थुंकीच पुरते. त्याचें वर्गीकरण वंगणावरून आहे. तें आजही उपयोगी पडतें, कारण तेल प्यालेला दगड पुन्हां पाण्यावर सहसा येत नाहीं.

३

दगड पोलादास कापतो कसा, हें कळल्यावांचून निवड करतां येत नाहीं. मोहस्‌च्या काठिण्यमापांत पाणी दिलेलें वस्तऱ्याचें पोलाद सुमारें साडेसहापर्यंत जातें. त्यास कापावयाचें तर त्याहून कठीण कण पाहिजेत. गार, म्हणजे क्वार्ट्झ, सातवर आहे, तामडा अथवा गार्नेट सातच्या आसपास किंवा किंचित् वर, कुरुंद नऊवर. युरोपीय भाषांतील ‘कोरंडम’ हा शब्द आपल्याच कुरुंदावरून, संस्कृत ‘कुरुविन्द’ व तामिळ ‘कुरुन्दम्’ यांवरून, गेलेला आहे. कुरुंदाची पूड लाखेंत मिसळून फिरती साण तयार करण्याची कला हिंदुस्थानांत पूर्वींपासून होती, व महाराष्ट्रांतही भंडारा जिल्ह्यांत कुरुंद सांपडतो.

परंतु कठीण दगड तो सर्व धारेचा, असें नाहीं. अकीक गारेच्याच जातीचा व पुरेसा कठीण आहे. तरी त्याचा पृष्ठभाग एकदां गुळगुळीत झाला कीं नवे कण उघडे पडत नाहींत. तो कापण्याऐवजीं घोटतो. म्हणूनच जुन्या कागदाला झिलई देण्यासाठीं त्याचा घोटा करीत. धारेच्या दगडांत तीन गुण एकत्र पाहिजेत: कण पोलादाहून कठीण असावे, सर्व सारख्या आकाराचे असावे, आणि त्यांना धरून ठेवणारें द्रव्य असें असावें कीं बोथट झालेला कण सुटून त्याखालचा ताजा कण वर यावा. दुसरा गुण वस्तऱ्यास विशेष लागतो. शंभर बारीक कणांत एक जाड असला, तरी तो एकच कण धारेस दांता पाडतो.

आतां पनवेलकडे पाहूं. पनवेलच्या भोंवतालचा सर्व मुलूख काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टाचा आहे. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं ज्वालामुखीच्या रसाचे थर एकावर एक सांचून तो झाला. कर्नाळ्याचा सुळका त्याचाच, आणि माथेरानच्या माथ्यावर त्याचाच जांभा झालेला आहे. पाटा, वरवंटा, जातें, उखळ यांस हा पाषाण उत्तम. कोयत्या-विळ्यास घरच्या घरीं धार लावण्यासही चालतो. परंतु त्यांत मोकळी गार जवळजवळ नसते, मुख्य खनिजें साडेपांच ते सहा काठिण्याचीं, कण लहानमोठे, शिवाय वायूच्या बुडबुड्यांचीं छिद्रें. त्यावर वस्तरा घासल्यास पोलाद कापलें न जातां धार वांकते व खरबडते. म्हणून या भागांतील धोकटींत खरी पथरी सांपडली तर ती बाहेरून आलेली आहे असें समजावयास हरकत नाहीं. ज्या मुलखांत असा दगड निपजत नाहीं तेथें तो सांपडणें हाच एक लेख आहे.

बाहेरून येण्यास पनवेलची जागाही अनुकूल होती. मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी गलबतानें पनवेलच्या खाडींत उतरे व तेथून बोरघाट चढे. बिशप हेबर १८२५ सालीं पुण्यास गेला तो याच वाटेनें. १८३० सालीं घाटांतून गाडीरस्ता झाल्यावर ही वहिवाट वाढली, आणि १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी सुरू होईपर्यंत तिचें महत्त्व टिकलें. या रहदारीमुळें गाडीचीं चाकें करणें हा पनवेलचा मुख्य धंदा झाला होता, अशी नोंद इंपीरियल गॅझेटियरांत आहे. चाकें करणाऱ्या सुतारांस पटाशी व वाकस यांसाठीं निसणे लागतच. तेव्हां पनवेलच्या खोक्यांत सांपडलेला प्रत्येक निसणा वस्तऱ्याचाच असेल असें नाहीं. तो सुताराचाही असूं शकेल, आणि हा भेद कसा करावा तें पुढें येईल.

या इतिहासाचा आधुनिक दुवाही शेजारींच आहे. उरण तालुक्यांतील मोरा बंदरीं १९४१ सालीं ग्राइंडवेल या कारखान्यानें धारेचीं कृत्रिम चाकें तयार करण्यास आरंभ केला. हिंदुस्थानांतील या धंद्याचा तो प्रारंभ समजला जातो. जेथील पाषाण धारेच्या कामाचा नाहीं, त्याच किनाऱ्यावर हा उद्योग उभा राहिला.

४

वस्तऱ्याच्या दगडांत जगांत नांवाजलेले असे तीन वर्ग जुन्या सामानाच्या शोधकानें ध्यानांत ठेवावे.

पहिला कोटिक्यूल. हा बेल्जममधील आर्डेन प्रदेशांत व्हिएलसामच्या आसपास निघतो. रंग फिकट पिवळा. अभ्रकाच्या बारीक गाऱ्यांत तामड्याचे सूक्ष्म कण दाट बसलेले. याचा थर पातळ असल्यामुळें पाठीस जांभळट-निळा पाटीचा दगड असतो. कधीं तो निसर्गतः जुळलेला, कधीं चिकटविलेला. दगड पाण्यावर चालतो. वर गाळ काढून घासल्यास तो जलद कापतो, आणि केवळ स्वच्छ पाण्यावर अति बारीक काम करतो. एकाच दगडांत दोन कामें होतात, हा त्याचा विशेष.

दुसरा जर्मनींतील थुरिंगियाचा पाटीदगड. रंग निळसर, हिरवट किंवा पिवळट-हिरवा, पोत अत्यंत एकसारखा, वंगण पाणी. सोनेबर्ग येथील एशर यांच्या नांवाच्या चिठ्ठ्या चिकटविलेले असे दगड जुन्या संग्रहांत विशेष मानले जातात. चिठ्ठी असल्यास ती ओली होऊं देऊं नये. दगडाहून ती अधिक दुर्मिळ आहे.

तिसरा नोव्हाक्युलाइट, म्हणजे अति सूक्ष्म गारेचा घट्ट दगड. वस्तऱ्यास लॅटिन भाषेंत ‘नोव्हाक्युला’ म्हणतात, त्यावरून हें नांव पडलें. अमेरिकेंतील आर्कन्सास प्रांताचा दगड या जातीचा. रंग पांढरा, करडा किंवा काळा. पातळ कडेंतून क्वचित् उजेड पार दिसतो. वंगण बहुधा तेल. फार सावकाश कापतो, पण झिजतो अत्यल्प.

यांखेरीज कृत्रिम दगड आहेत. अमेरिकन संशोधक ॲचेसन यानें १८९१ सालीं विजेच्या भट्टींत कार्बोरंडम तयार केलें, आणि त्यानंतर न्हाव्यांसाठीं लहान चौकोनी कृत्रिम पथऱ्या कारखान्यांतून निघूं लागल्या. अशा कार्बोरंडमच्या पथरीनें जुन्या सामानाची एक मर्यादा ठरते: ती ज्या खोक्यांत आहे, तें खोकें निदान त्यानंतर कोणी तरी उघडलेलें आहे.

५

आतां प्रत्यक्ष निवड. हें विवेचन चालत्या वस्तऱ्यासाठीं व बोरूच्या चाकूसाठीं आहे. जपून ठेवावयाच्या वस्तूंसाठीं नव्हे.

वस्तऱ्याची रचना अशी असते कीं दगडावर तो आडवा ठेवला असतां पाठ व धार दोन्ही एकदम टेकतात, आणि धारेचा कोन पाठीची जाडीच ठरविते. पाठीची जाडी पात्याच्या रुंदीच्या साडेतिसाव्या हिश्शाइतकी असल्यास कोन सुमारें साडेसोळा अंश येतो. येथें ‘साडेतिसावा’ म्हणजे एकास साडेतीन हें प्रमाण समजावें. यावरून दोन गोष्टी निघतात. दगड सपाट पाहिजे, कारण खोलगट दगडावर पाठ व धार एका पातळींत राहत नाहींत. आणि घासणें थोडें पाहिजे, कारण प्रत्येक घासणीबरोबर पाठही झिजते.

कृत्रिम दगडांवर अंक असतात. अंक जितका मोठा तितका कण बारीक. धारेस दांते पडले असतील अथवा उताराची रेषा मोडली असेल तर १००० अंकाच्या दगडापासून आरंभ करावा. त्यानंतर ३००० ते ५००० यांतील एक, नंतर ८०००, आणि शेवटीं १२००० अथवा वर सांगितलेल्या नैसर्गिक दगडांपैकीं एक. धार केवळ मंदावली असेल तर शेवटचा दगड व चामोटी एवढ्यानेंच भागतें. नवशिके येथेंच चुकतात. वस्तरा मंदावला कीं ते पहिल्या दगडापासून सुरुवात करतात आणि दहा वर्षांचें पोलाद दोन वर्षांत संपवितात. दगडावर धार पुढें ठेवून ओढावें, चामोटीवर पाठ पुढें ठेवून. वजन हाताचें नसावें, वस्तऱ्याचेंच असावें.

घेतांना दगड ओला करून उजेडांत तिरपा धरावा. शीर, भेग किंवा वेगळ्या रंगाचा ठिपका दिसल्यास त्यावर नख फिरवावें. नख अडखळलें तर तो दगड वस्तऱ्यास घेऊं नये. सरळ पट्टी उभी, आडवी व कर्णावर ठेवून फट दिसते कीं काय तें पाहावें. पात्याहून दगड अरुंद असला तरी चालतो. तिरप्या हातानें सर्व धार त्यावरून नेतां येते. परंतु वांकडा दगड चालत नाहीं.

बोरूच्या चाकूस, ज्यास कलमतराश म्हणतात, इतकी बारीक धार लागत नाहीं. १००० व त्यानंतर ४००० किंवा ५००० पुरे. मात्र तो वारंवार लावावा लागतो, कारण बोरूच्या सालींत गारेचाच अंश असतो आणि तो पोलादास लवकर बोथट करतो. मोडी अक्षराची जाडी कत कसा पडला यावर असते, आणि कत धारेवर असतो. एकाच हाताच्या लेखनांत अक्षर पानोपानीं जाड होत जाऊन एकाएकीं पुन्हां रेखीव झालेलें दिसलें, तर तेथें लेखक बदलला असें म्हणण्यापूर्वीं कत नवा घातला असावा काय, हें पाहणें बरें.

६

जुन्या खोक्यांत चार दगड एकमेकांसारखे दिसतात: पथरी, सोनाराची कसोटी, कागदाचा घोटा आणि लहान सहाण. कसोटी काळी व बारीक कणांची असते. भिंगाखालीं तिच्यावर पिवळ्या धातूच्या बारीक रेघा दिसतात. पथरीवर असतील तर पोलादाचे करडे डाग असतात. घोटा गोलसर व सर्वांगीं चकचकीत. त्यास कापण्याचा सपाट तोंडवळा नसतो. सहाणेस मध्यभागीं वाटोळी झीज असते, व फटींत गंधाचा किंवा औषधाचा अंश राहतो. पथरीची झीज लांबीच्या दिशेनें व अल्प असते. दगड मध्यें खोल गेला असेल तर तो पटाशीचा किंवा चाकूचा; अरुंद खांचा असतील तर आरी-दाभणाचा.

दगडास ओरखडा न काढतां त्याची जात ताडण्याचा एक उपाय आहे. दगड कोरडा तोलावा; नंतर दोऱ्यानें पाण्यांत लोंबता ठेवून तोलावा. कोरडें वजन भागिलें दोन्ही वजनांतील फरक, हें त्याचें विशिष्ट गुरुत्व. उदाहरणार्थ, कोरडा ३०० ग्रॅम व पाण्यांत १९० ग्रॅम भरला तर फरक ११० आणि गुरुत्व सुमारें २.७३, हा पाटीदगड असण्याचा संभव. घट्ट नोव्हाक्युलाइट व अकीक २.५ ते २.६५ च्या दरम्यान, पाटीदगड २.७ ते २.८, आपला काळा पाषाण २.८ ते ३, आणि तामड्याच्या भरण्यामुळें कोटिक्यूलचा पिवळा थर तीनच्या वर. सच्छिद्र व कृत्रिम दगडांस हें गणित नीट लागू पडत नाहीं, आणि ज्यावर चिठ्ठी किंवा शाईची खूण आहे तो दगड पाण्यांत घालूं नये. एकट्या या अंकावर निर्णयही देऊं नये. रंग, झीज व डाग यांच्याशीं तो जुळला पाहिजे.

पनवेलच्या खोक्यांतील राखी-हिरवट दगड याप्रमाणें तोलून पाहिला. अंक पाटीदगडाचा आला. झीज अल्प व लांबीच्या दिशेनें, आणि भिंगाखालीं पोलादाचे करडे डाग. तेवढ्यावरून तो वस्तऱ्याचा व बाहेरून आलेला दगड, इतकें म्हणतां येतें. कोणत्या खाणीचा तें म्हणतां येत नाहीं.

शेवटीं संग्राहकांस एक व्यवहाराची गोष्ट सांगावयाची आहे. जुन्या वस्तऱ्यास धार लावूं नये. फिरत्या चाकावर तर मुळींच देऊं नये. पोलाद सुमारें ३०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापलें कीं त्यावर निळा रंग येतो, आणि त्याबरोबर त्याचें पाणी उतरतें; तें पुन्हां घासून येत नाहीं. गंज काढण्यापूर्वीं शेपटीची खूण तिरप्या उजेडांत छायाचित्रानें टिपून ठेवावी. सांपडलेला दगड घासून सपाट करूं नये, कारण त्याची झीज हीच त्याची साक्ष आहे. वस्तरा, दगड व कागद एका खोक्यांत मिळाले असतील तर त्यांची नोंद एकत्र करावी व ते वेगळे करूं नयेत. आमच्या स्नेह्यांच्या खोक्यावर आतां जी यादी चिकटविली आहे, तींत पत्रांच्या अनुक्रमानंतर वस्तऱ्याची व त्याखालीं दगडाची, लांबी, रंग व दोन वजनांसह, नोंद आहे. मुकुटाशेजारच्या दोन अक्षरांची जागा मात्र तेथें कोरीच ठेवावी लागली.